काजूच्या टरफलांतील राळ

काजूगर खाणारास टरफलाची आठवण सहसा राहत नाहीं. परंतु कोंकणांत किंवा गोमंतकांत ज्यांच्या घरीं काजू फोडतात, त्यांस तें विसरतां येत नाहीं. त्यांतील काळसर तेल बोटांस लागलें कीं कातडी जळते. फोडणाऱ्या बायका हातांस राख किंवा गोडें तेल चोळून बसतात, तरी बोटें काळीं पडतातच. काजू बिबव्याच्याच कुळांतला, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. पोर्तुगीजांनीं ब्राझिलाहून आणलेल्या ह्या झाडाच्या तेलास प्लास्टिकच्या इतिहासांत जें स्थान मिळालें, तें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

बेल्जममध्यें जन्मलेल्या लिओ बेकलंडनें सन १९०७ मध्यें अमेरिकेंत बेकेलाइटच्या कृतीचें पेटंट मागितलें. विजेच्या सामानांत तेव्हां हिंदुस्थानची लाख वापरीत. तिला पर्याय शोधतांना त्याला फेनॉल व फॉर्माल्डिहाइड ह्यांपासून ही राळ साधली. तिचा गुण तोच तिचा दोष होता. सांच्यांत एकदां घट्ट झाली कीं ती पुन्हा वितळत नसे, कारण आंतील रेणू चोहों बाजूंनीं एकमेकांस जखडले जात. म्हणून ती उष्णता सोशी. पण हातांतून पडली तर तडके, आणि तडकलेली वस्तु पुन्हा सांधण्याची सोय नसे. लाखेची बांगडी निदान तापवून जोडतां येते!

ठिसूळपणावरचा उतारा टरफलांत सांपडला. हें तेल तापविलें म्हणजे त्यांतील आम्लांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कार्डेनॉल उरतें. तें फेनॉलच्याच जातीचें, परंतु त्याला पंधरा कार्बन-अणूंचें लांब शेंपूट असतें. हीं शेंपटें रेणूंच्या जाळ्यांत मोकळीं राहिल्यानें राळ लवचिक होते, व पाण्यासहि दाद देत नाहीं. अमेरिकेंत मॉर्टिमर हार्वे ह्यानें १९२० नंतरच्या दोन दशकांत अशा राळांचीं पेटंटें घेतलीं, आणि मोटारींच्या ब्रेकच्या अस्तरांत त्यांची भुकटी जाऊं लागली.

न सांधण्याचा दोष मात्र फार दिवस तसाच राहिला. पॅरिस येथें लुडविक लीब्लर व त्यांचे सहकारी ह्यांनीं सन २००८ मध्यें वनस्पतींच्या तेलांतील स्निग्धाम्लांपासून असें रबर केलें कीं, कापलेलीं टोंकें नुसतीं एकमेकांस टेकवून ठेवलीं तरी सांधत. सन २०११ मध्यें त्यांनींच घट्ट झालेल्या इपॉक्सी राळेस ही विद्या शिकविली. ती घट्ट करण्यास स्निग्धाम्लें घेतलीं व जस्ताचा क्षार किंचित् घातला. तापवितांच जाळ्यांतील एक गांठ सुटते तोंच दुसरी बसते. जाळें उसवत नाहीं, पण आकार बदलतें व तुटलेले भाग जुळतात. त्यांतील इपॉक्सी खनिज तेलाचीच होती, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. पुढें कार्डेनॉलपासूनहि अशा सांधणाऱ्या राळा करून पाहण्यांत आल्या आहेत.

टरफलें आतां फुकट जात नाहींत. तेलासाठीं तीं विकलीं जातात. ज्या हातांनीं तीं फुटतात त्यांस हातमोजे तरी मिळावेत, असें आम्हांस वाटतें. पुष्कळ ठिकाणीं अद्याप राखेवरच भागवितात.