काळ्या दगडावरची रेघ

डेटाबेसच्या जगात 'कमिट' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बँकेच्या संगणकाने 'पैसे जमा झाले' म्हटलं, की पुढच्या क्षणी वीज गेली तरी ती नोंद टिकलीच पाहिजे. पण हा दगड कुठला?

अनेक दशकं तो म्हणजे फिरती डिस्क. ती बिघडायची, पण शक्यतो एकेकटी. इंजिनिअरिंगला आम्ही शिकलो ते 'रेड' याच गृहीतकावर उभं आहे. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ते मांडलं: एक डिस्क गेली, तर बाकीच्या सावरून घेतील.

त्याआधीच्याच वर्षी तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी नँड फ्लॅश जगापुढे आणली होती. पुढे एसएसडी याच फ्लॅशवर बनू लागल्या. फिरणारं काही नाही, म्हणजे बिघाड कमी, असं वाटणं साहजिक होतं. पण फ्लॅशमध्ये लिहिता येतं पानापानाने आणि पुसावा लागतो अख्खा ब्लॉक. त्यामुळे कुठलं पान सध्या कुठे आहे, याचा नकाशा ड्राइव्हमधल्या फर्मवेअरला सतत बदलत ठेवावा लागतो. ऐन लिहिताना वीज गेली, तर नोंदच काय, नकाशाही बिघडू शकतो. २०१३ साली ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्जच्या संशोधकांनी १५ एसएसडींची वीज मुद्दाम तोडून पाहिली. १३ चुकल्या.

यावर उपाय आहे. ड्राइव्हमध्ये कपॅसिटर बसवायचे, म्हणजे वीज गेल्यावरही हातातलं काम पुरं होतं. इंटेलच्या २०११ च्या '३२०' मालिकेत ते होते. तरीही वीज गेल्यानंतर त्यातल्या काही ड्राइव्ह आपली क्षमता फक्त ८ एमबी दाखवू लागल्या. दोष फर्मवेअरचा होता.

नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने याहून विचित्र गोष्ट जाहीर केली. त्यांच्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर कायमच्या बंद पडणार होत्या, डेटासकट. ३२,७६८ म्हणजे दोनचा पंधरावा घात. इथेही दोष फर्मवेअरचाच. एकाच दिवशी सुरू केलेल्या ड्राइव्ह एकाच वेळी जाणार, मग रेडमध्ये कोण कोणाला सावरणार?

म्हणून एका नोंदीच्या दोन प्रती एकाच बनावटीच्या, एकाच दिवशी सुरू केलेल्या ड्राइव्हवर ठेवायला माझा विरोध असतो. खरेदी विभागाला ते गैरसोयीचं वाटतं. पण हिशेबाने त्या दोन प्रती नसतात, एकच असते.