शपथेतला अंजीर, हातगाडीवरचा अंजीर

रमजान जवळ आला की जोगेश्वरी, कुर्ला, अंधेरीच्या बाजारांत सुक्या अंजिरांच्या माळा लटकू लागतात. त्याच सुमारास मोबाइलवर एक संदेशही फिरू लागतो. अंजीर हे जन्नतमधून उतरलेले फळ आहे, मूळव्याध आणि सांधेदुखीवर रामबाण आहे, आणि हे हदीसमध्ये आले आहे. खाली सूचना असतेच: पुढे पाठवा, सवाब मिळवा. वर्गातली मुलेही तो मला दाखवतात आणि विचारतात, "सर, हे खरंय ना?"

अंजीर चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न हदीसचा आहे. प्रेषितांच्या (स.) नावावर एखादे वाक्य घालणे ही साधी गोष्ट नव्हे, मग हेतू कितीही चांगला असो.

गंमत म्हणजे या प्रश्नाचे उत्तर साडेसहाशे वर्षांपूर्वीच देऊन झाले आहे. दमास्कसचे इमाम इब्न कय्यिम (१२९२-१३५०) यांनी 'जादुल मआद' या ग्रंथात प्रेषितांच्या काळातील औषधोपचारांवर मोठा भाग लिहिला. तिब्बे नबवीच्या नावाने आज जे काही विकले जाते, त्यातले बरेचसे इथूनच उचललेले असते. त्याच ग्रंथात अंजिराबद्दल ते स्पष्ट सांगतात की हिजाज आणि मदिनेच्या भूमीत अंजीर नव्हते, म्हणून सुन्नतमध्ये त्याचा उल्लेख आला नाही. मग ते ही जन्नतच्या फळाची रिवायतही नोंदवतात आणि लगेच म्हणतात, ती सिद्ध आहे असे मानायला शंका आहे. आपल्याकडे पहिला अर्धा भाग पुढे पाठवला जातो, दुसरा गाळला जातो. आणि हे लिहिणारा माणूस अंजिराचा विरोधक नाही बरे का; त्याच पानावर तो फळाचे गुण मनापासून सांगतो.

अंजिराचा मान खरे तर कुरआनमध्येच आहे. ९५वी सूरह त्याच्या नावाची, 'अत-तीन'. आयती फक्त आठ. सुरुवातीलाच अंजीर आणि जैतून यांची शपथ आहे, मग सीना पर्वत आणि मक्का शहराची. (मराठी शाळेतल्या मुलांना 'तीन'ची सूरह म्हटले की ती बोटे मोजायला लागतात. अरबीत तीन म्हणजे अंजीर, हे एकदा सांगितले की पुन्हा विसरत नाहीत.) काही भाष्यकारांनी अंजीर म्हणजे दमास्कस आणि जैतून म्हणजे बैतुल मुकद्दस असा अर्थ लावला. तबरी यांनी मात्र साधा अर्थ पसंत केला: खातो तो अंजीर, ज्याचे तेल काढतो ते जैतून. पुढे सूरह माणसाच्या घडणीकडे वळते. मूळव्याधीचा तिथे विषय नाही.

हे फळ शाम आणि पॅलेस्टाइनच्या मुलखाचे. जेरिकोजवळ गिलगाल येथे जळून कोळसा झालेले नऊ अंजीर सापडले. ते अकरा हजार वर्षांहून जुने असल्याचे संशोधकांनी २००६ साली जाहीर केले. त्यांच्या मते ती जात परागीभवनाशिवाय फळ धरणारी होती, म्हणजे माणसाने फांदी लावली तरच वाढणारी. तसे असेल तर गहू-जवाच्या शेतीआधी माणूस अंजिराची फांदी मातीत खोचत होता.

आपल्याकडे नाव आले ते अरबीतून नाही, फारसीतून. बागेच्या आणि मेव्याच्या मराठीत फारसी किती मुरली आहे पाहा: जर्दाळू म्हणजे पिवळा आलू, बेदाणा म्हणजे बिनबियांचा. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. बाजारात मात्र अंजीर अंजीरच राहिला. पुरंदरचा शेतकरी आजही पावसाळ्यानंतरच्या पिकाला 'खट्टा बहर' आणि उन्हाळ्याच्या तोंडावरच्या पिकाला 'मीठा बहर' म्हणतो. बहर म्हणजे फारसीतला वसंत. सासवडच्या बांधावर कोणी हा शब्द परका मानत नाही.

पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चकडे सरकला आहे आणि मीठा बहरही तेव्हाच उतरू लागतो, त्यामुळे घाटकोपर किंवा बोरिवली स्टेशनबाहेर जांभळट, मऊ फळे टोपलीत दिसतात. ती दोन दिवसांत खराब होतात. साल पातळ, साखर बेताची, म्हणून ही जात सुकवायला फारशी उपयोगी नाही. माळेतला अंजीर अफगाणिस्तानचा, डब्यातला जाडसर बहुधा तुर्कस्तानचा.

आणखी एक संदेश फिरतो: अंजिरात मेलेली माशी असते. हे अर्धे खरे आहे. तुर्कस्तानच्या स्मर्ना जातीला फळ धरायला एक बारीक गांधीलमाशी लागते. कॅलिफोर्नियात स्मर्नाची झाडे लावली तेव्हा फळेच टिकेनात. १८९९ मध्ये ती माशी तिथे वसवली, तेव्हा कुठे काम झाले. पुण्याच्या जातीला तिची गरज नाही. मुलुंड-घाटकोपरचे आपले अनेक जैन शेजारी अंजीर टाळतात, ते मात्र अशा संदेशामुळे नव्हे. वड, पिंपळ, उंबर या कुळातली फळे वर्ज्य मानण्याची त्यांची परंपरा फार जुनी आहे, आणि अंजीर उंबराचा सख्खा भाऊच.

आता तब्येतीचे. १०० ग्रॅम ताज्या अंजिरात साधारण ७४ कॅलरी आणि १६ ग्रॅम साखर असते. तेवढ्याच सुक्यात सुमारे २५० कॅलरी, ४८ ग्रॅम साखर. पण चोथाही जवळपास १० ग्रॅम आणि कॅल्शियम १६० मिलिग्रॅमच्या आसपास. रात्री भिजवलेले दोन अंजीर पोट साफ ठेवतात हा हकिमांचा सल्ला या चोथ्यामुळेच पटतो. त्याला सनद लागत नाही. मधुमेह असलेल्यांनी मात्र इफ्तारला खजूर, शरबत आणि वर सुके अंजीर असे एकत्र घेऊ नये. ताजे मिळत असतील तर एखादे ताजे घ्यावे, धुऊन, सालीसकट. मार्चमध्ये ते दारात येते.