फास, वाघूर आणि खटका : येडशीच्या रानातील सापळ्यांची कथा

बर्फाळ प्रदेशात केसाळ प्राण्यांसाठी सापळे लावण्याचा हंगाम म्हणजे हिवाळा. कडाक्याच्या थंडीत प्राण्यांची लव दाट होते, कातड्याला चांगला भाव येतो आणि ताज्या बर्फावर उमटलेल्या पावलांवरून त्यांची वाट सहज सापडते. कॅनडा आणि रशिया या देशांचा आरंभीचा व्यापारी इतिहास बऱ्याच अंशी या कातड्यांवर उभा राहिला. मराठवाड्यात बर्फ पडत नाही, कातड्यांची तशी बाजारपेठही येथे कधी नव्हती. तरीही सापळा लावण्याची विद्या येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. बालाघाटाच्या डोंगररांगेतील येडशीचे रान हे या विद्येचे आणि तिच्यातून उद्‌भवलेल्या प्रश्नांचे एक उदाहरण आहे.

येडशीचे रान

धाराशिव जिल्ह्यातील येडशी हे गाव रामलिंगाच्या देवस्थानासाठी सर्वपरिचित आहे. या देवस्थानाभोवतीच्या घाटातील सुमारे २२ चौरस किलोमीटर क्षेत्रास १९९७ मध्ये ‘येडशी रामलिंग घाट अभयारण्य’ म्हणून संरक्षण मिळाले. शुष्क पानझडी वृक्ष, काटेरी झुडपे आणि मधूनमधून पसरलेली गवताळ माळराने असे या रानाचे स्वरूप आहे. लांडगा, कोल्हा, खोकड, तरस, रानमांजर, उदमांजर, मुंगूस, ससा आणि रानडुक्कर हे या टापूतील परिचयाचे प्राणी. अभयारण्य आकाराने लहान आणि चहूबाजूंनी शेतीने वेढलेले असल्याने हे प्राणी रात्री शिवारात उतरतात. हिवाळ्यात गवत वाळते, रब्बीची ज्वारी उभी असते, तूर भरात येते. बर्फाळ मुलखात जी खूण बर्फ देतो, ती येथे पायवाटेवरची मऊ धूळ देते. जाणता माणूस या धुळीतील ठसे वाचून प्राण्याची जात आणि जाण्या-येण्याची वेळ सांगतो.

सापळ्यांचे प्रकार

पारध करणारा तो पारधी. या जमातीच्या पोटशाखांपैकी फासेपारधी हे नावच फाशावरून पडले. लावा, तित्तिर यांसारख्या पक्ष्यांसाठी घोड्याच्या केसांचे बारीक फास वापरले जात. हरणांसाठी तातीचे किंवा चामड्याचे मजबूत फास एका लांब दोरीला ओळीने बांधून ती दोरी खुंट्यांनी जमिनीवर पसरली जाई. शिकवून तयार केलेल्या गाई-बैलाच्या आडोशाने पारधी हळूहळू कळपाजवळ सरके आणि कळप फाशांच्या दिशेने वळवी. आवाजाची हुबेहूब नक्कल करून किंवा पाळीव तित्तिराच्या साह्याने रानातील पक्षी बोलावणे, हाही या विद्येचाच भाग होता.

दुसरा प्रकार वाघूर, म्हणजे प्राण्याच्या वाटेवर उभे केलेले मोठे जाळे. हाका देऊन प्राणी त्यात लोटले जात. तिसरा प्रकार लोखंडी खटक्याचा. दातेरी जबड्यासारखे दोन अर्धगोल, त्यांना ताण देणारी पट्टी आणि मध्ये पाय पडताच सुटणारी चकती, अशी त्याची रचना असते. फासात सापडलेला प्राणी पुष्कळदा जिवंत व बिनजखमी हाती येई. खटका मात्र पायाचे हाड मोडतो. याच कारणास्तव युरोपीय समुदायाने १९९१ मध्ये या सापळ्याच्या वापरावर बंदी घालणारा नियम केला.

अलीकडे या जुन्या साधनांची जागा तारेने घेतली आहे. दुचाकीच्या क्लचची तार किंवा कुंपणाची तार वळवून केलेला फास कोकणात ‘फासकी’ या नावाने ओळखला जातो. तो बहुधा रानडुकरासाठी लावला जातो. परंतु तारेला प्राण्याची निवड करता येत नाही. त्याच वाटेने जाणारा बिबट्या, तरस किंवा कोल्हा त्यात अडकतो आणि सुटण्यासाठी जितका ओढ घेतो तितका फास आवळत जातो. शेताच्या कुंपणात सोडलेला विजेचा प्रवाह तर माणसाचाही जीव घेतो.

केसांसाठी होणारी हत्या

भारतात केसांसाठी सर्वाधिक मारला जाणारा लहान प्राणी म्हणजे मुंगूस. चित्रकाराच्या कुंचल्यासाठी त्याच्या केसांना मागणी असते आणि एका मुंगसापासून उपयोगी पडणारे केस जेमतेम काही ग्रॅम मिळतात. त्यामुळे थोड्याशा मालासाठी अनेक प्राण्यांचा बळी जातो. हा व्यापार बेकायदा असून तो रोखण्यासाठी वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने २०१९ मध्ये देशव्यापी मोहीम राबविली. उंदीर आणि साप यांवर नियंत्रण ठेवणारे मुंगूस कमी होण्यात शेतकऱ्याचेच नुकसान आहे.

कायदा आणि पारधी समाज

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेत ठार मारण्याबरोबरच पकडणे, फास लावणे, सापळ्यात अडकविणे आणि तसा प्रयत्न करणे यांचाही समावेश होतो. म्हणजे फासात काहीच सापडले नाही, तरी तो लावणे हा गुन्हाच ठरतो. अभयारण्यातील शिकारीसाठी तीन ते सात वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमा वाढविण्यात आल्या.

या कायद्याने प्राण्यांना संरक्षण दिले. पण ज्यांची उपजीविकाच पारधीवर होती, त्यांच्या हाती दुसरे साधन आले नाही. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पारध्याकडे संशयाने पाहण्याची दृष्टी गेली नाही. शिकार बंद, शेती नाही आणि गावात थारा नाही, अशा तिहेरी कोंडीत हा समाज सापडला. धाराशिव जिल्ह्यातच, तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे १९९० च्या दशकात भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी सुरू झालेला शिक्षण प्रकल्प हा या कोंडीवरील एक उपाय आहे. अकोला-वाशीम परिसरात फासेपारधी तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्याच्या आणि माळरानाच्या रक्षणात सहभागी झाले आहेत. ठसे वाचणारी नजर पकडण्याऐवजी राखण्यासाठी वापरता येते, हे त्यातून दिसले.

वाघाची वाट

डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या अभयारण्यात लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यात चक्क एका पट्टेरी वाघाची छबी टिपली गेली. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून सुमारे साडेचारशे ते पाचशे किलोमीटर अंतर कापून तो येथे पोहोचला होता. जानेवारी २०२५ पासून विशेष पथकांनी त्याला बेशुद्ध करून पकडण्याचे प्रयत्न सुरू केले. पण त्याने या पथकांना अनेक आठवडे हुलकावणी दिली. वाघ आलेल्या टिपेश्वरातच एका वाघिणीच्या गळ्यात तारेचा फास रुतलेला आढळला होता. २०१२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात लोखंडी खटक्यात दोन वाघ सापडले आणि त्यांतील एक दगावला. येडशीपर्यंत येताना या वाघाने किती शेते, कुंपणे आणि ओढे ओलांडले असतील, याचा विचार केला की रानडुकरासाठी लावलेली एकेक तार किती महाग पडू शकते, हे ध्यानात येते.

पिकाची नासाडी हा शेतकऱ्याचा खरा प्रश्न आहे आणि तो नाकारून चालणार नाही. मात्र वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई मागण्याची तरतूद आहे. नुकसान दिसताच वन विभागाला कळवून पंचनामा करून घेणे हा सनदशीर मार्ग आहे. शिवारात तारेचा फास आढळल्यास किंवा प्राणी अडकलेला दिसल्यास त्याच्याजवळ न जाता, गर्दी न जमवता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळविणे उचित. भेदरलेला प्राणी फास तोडून अंगावर येऊ शकतो आणि अननुभवी हातांनी सोडविताना त्याची जखमही चिघळते.