डिसेंबर २०१० ची बातमी आणि पहिली वेलांटी

डिसेंबर २०२३. निर्यातबंदी आली, लासलगावात लिलाव बंद पडले. मला आठवलं, २०१० च्या डिसेंबरातही असंच झालं होतं. भाव भडकले होते, केंद्राने निर्यात थांबवली होती, आणि त्यावर मी चांगली मोठी बातमी केली होती. म्हटलं, काढू या. सीडी सापडली, फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, कंस, टिंबं. मराठीचं एक अक्षर नाही!

नव्या पोरांना हे सांगावं लागतं. तेव्हा आम्ही टाइप करायचो ते मराठी फक्त दिसायला मराठी असायचं. आत इंग्रजी अक्षरांचेच कोड, वर फॉन्टने चढवलेला देवनागरी मुखवटा. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. आमच्या कार्यालयातलं सॉफ्टवेअर तर कॉम्प्युटरच्या मागे डोंगल लावल्याशिवाय चालायचंच नाही. डोंगल गेलं, फॉन्ट गेला, बातमीही गेली.

गंमत म्हणजे इलाज आधीच निघालेला होता. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ मध्येच, देवनागरी होती. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्सची पहिली खबर दिली. पण आमची पानं पेजमेकरवर लागायची, आणि पेजमेकरला युनिकोड कधी कळलंच नाही.

लिनक्सवाल्यांनी मात्र मराठी मनावर घेतली. २००० च्या आसपास इंडलिनक्स नावाने काही मंडळी भारतीय भाषांसाठी कामाला लागली. २००४ मध्ये रेड हॅटने लोहित फॉन्ट खुल्या परवान्याने दिले. कुणीही वापरा, कुणीही दुरुस्त करा, डोंगल नको. स्वयंसेवकांनी मेनूंचं मराठी भाषांतर केलं. काही शब्दांवर हसू येतं. डिरेक्टरीला ‘संचयिका’ म्हणणारा माणूस बाजार समितीत मला अजून भेटलेला नाही. पण रात्री जागून, फुकट, हे कुणीतरी केलं हेही खरं.

मी स्वतः २००७ ला उबुंटूची सीडी टाकून बघितली होती. तेव्हा ती पोस्टाने घरपोच फुकट यायची. मराठी झकास दिसली, पण डायल-अप मोडेम काही चालेना. तिसऱ्या दिवशी परत विंडोज. पत्रकाराला नेट नसेल तर त्या सुंदर जोडाक्षरांचं करायचं काय?

तर ती फाइल. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट. गेमसुद्धा तो त्यावरच खेळतो. २०१८ ला स्टीमने प्रोटॉन आणल्यापासून विंडोजचे बरेच गेम लिनक्सवर चालतात म्हणे. व्हॅलोरंट चालत नाही, म्हणून तेवढ्यासाठी त्याने विंडोज ठेवलंय. मी म्हटलं, बाबा, जरा गेम बाजूला ठेव आणि मामाची बातमी बघ.

त्याने पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला: या कोडच्या जागी हे अक्षर. सोपं वाटलं, पण अडलं पहिल्या वेलांटीवर. जुन्या फॉन्टमध्ये ती डोळ्याला दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलटं: टाइप शेवटी, पण खरा ‘र’ आधी. त्यामुळे पहिल्या फेरीत ‘निर्यात’ ओळखूच येईना. मी एकेक शब्द वाचून चूक सांगायचो, तो नियम बदलायचा. तीन रात्री गेल्या. चौथ्या रात्री मी तेव्हा लिहिलेली भावाची ओळ पडद्यावर जशीच्या तशी आली, आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

आता घरच्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन टाकलंय. दोन हार्ड डिस्क, इन्व्हर्टर, वर नेक्स्टक्लाउड. आपली कांदाचाळ समजा: माल आपल्याच दारात, आणि सडला तर बोलही आपल्यालाच. बाहेरगावाहून अजून उघडता येत नाही. आमचं कनेक्शन स्वतंत्र आयपी पत्ता देत नाही, एकाच पत्त्यामागे बरीच घरं कोंबलेली. बघू.

सव्वीस सीड्या राहिल्यात. त्यांतल्या दोन वेगळ्याच फॉन्टमध्ये आहेत, त्याचा नकाशा आमच्याकडे नाही. लासलगाव, निफाड, विंचूर, येवला पट्ट्यात कुणाच्या जुन्या डीटीपी दुकानात त्या काळातले फॉन्ट पडून असतील तर कमेंटमध्ये सांगा. आणि तुमच्या ग्रामपंचायतीचे, सोसायटीचे जुने ठराव अशाच फाइलींत अडकले असतील, तर सीडी घेऊन या. भाच्याची परीक्षा संपली आहे.