पातेरा

माझं आजोळ बांद्याजवळचं. काजूचा मोहर सरत आला की तिथल्या बायका सकाळी उठून पातेरा गोळा करायला रानात जात. पातेरा म्हणजे झाडाखाली पडलेला वाळका पाला. गोठ्यात गुरांखाली अंथरायला, भाजावळीला तो लागायचाच. कवळा बांधायचा, डोक्यावर घ्यायचा आणि उतार उतरायचा. आम्ही पोरं त्या राशीवर लोळायचो. थोरले मामा सुट्टीवर आलेले असले, तर मात्र हात धरून खाली ओढायचे आणि कानामागे, काखेत, कमरेच्या नाडीखाली बघायचे. आजी म्हणायची, ''काय बघतंस रे त्येंच्या आंगार?'' मामा काही बोलत नसत.

मामा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात होते. हुद्दा लहान; रानातून किडे पकडून आणणाऱ्यांतले ते एक. हे केंद्र 1952 साली रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून सुरू केलेलं. डासांसारख्या किड्यांमधून माणसाला होणाऱ्या आजारांच्या विषाणूंचा माग काढणं हे त्याचं काम. 1957 च्या उन्हाळ्यात तिथे निरोप आला तो शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यातून. क्यासनूरच्या जंगलात वानरं मरून पडत होती आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणत होती.

वानर आणि माणूस एकाच वेळी मरू लागले की जाणकारांच्या मनात पहिलं नाव येई पीतज्वराचं. दक्षिण अमेरिकेत त्याने रानातली माकडं आणि गावातली माणसं दोघांचेही बळी घेतले होते. भारतात तो कधी आला नव्हता, पण त्याला वाहून नेणारा डास आपल्याकडे दारोदारच्या पिंपात वाढत होता. मामा सांगत, ते पहिले दिवस सगळे श्वास रोखून होते. वानराच्या शरीरातून विषाणू वेगळा केल्यावर कळलं, की हा पीतज्वर नव्हे. याचं नातं थेट रशियातल्या एका मेंदूज्वराशी निघालं, आणि तो पसरत होता गोचिडीतून. डासाच्या मागे निघालेल्या माणसांना आता जमिनीकडे बघावं लागलं. हाती आलेली खूण वेगळं सांगू लागल्यावर मनातला तर्क सोडून देणं सोपं नसतं. या साऱ्या कामात मला त्याचंच सर्वांत अप्रूप वाटतं.

जमिनीकडे बघणं म्हणजे काय, ते मामांनी आम्हाला आजोळच्या काजीत करून दाखवलं होतं. पांढऱ्या फलालीनचा हातभर रुंद तुकडा, एका कडेला काठी, काठीला दोरी. तो पातेऱ्यावरून सावकाश ओढत न्यायचा, दहा-वीस पावलांवर थांबून उलटा करायचा. कापडावर तिळाहून बारीक, तपकिरी ठिपके चालताना दिसले. गुरांच्या कानात टम्म फुगलेली गोचीड आम्हाला ठाऊक होती. ही तिचीच पिल्लं असतील असं वाटेना. मामांनी ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक उचलून काचेच्या नळीत टाकलं आणि कापसाचा बोळा बसवला. शिमोगा जिल्ह्यातल्या सागर इथे केंद्राचा तळ होता; तिथे हेच काम रोज चाले. हॅरोल्ड ट्रापिडो, पी. के. राजगोपालन यांच्यासारख्या कीटकशास्त्रज्ञांनी अशाच नळ्यांमधल्या गोचिडींत हा विषाणू शोधून दाखवला. मुख्य वाहक निघाली हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा नावाची गोचीड. पावसाळा संपला की तिची पिल्लं निघतात. मग डिसेंबर ते मे त्यांच्या पुढच्या अवस्थेतली गोचीड माणसाला चावते. हेच पातेऱ्याचे आणि काजूचे महिने.

वानर मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी गळून खालच्या पाल्यात पसरतात. त्या जागेवरून जो जाईल, त्याला धोका. सोरबकडच्या म्हाताऱ्यांनी शास्त्रज्ञांना काय सांगितलं, ते मामा आमच्या मालवणीत सांगत: ''वानर पडलो, तर त्या वाटेन जाव नको.'' कन्नडमध्ये त्या आजाराला नावच पडलं 'मंगन कायिले', माकडाचा आजार.

रशियातल्या विषाणूचा हा नातलग इथे पोचला कसा? पाखरांनी आणला असेल काय, या शंकेतून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अलींच्या देखरेखीखाली स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत वळी अडकवायला सुरुवात केली. पाखरांवरचा आळ सिद्ध झाला नाही. आपल्या देशातल्या पक्ष्यांचे येण्या-जाण्याचे मार्ग मात्र कळले.

आजार फैलावला का, याचं उत्तर शोधलं कोलंबियातून आलेल्या डॉ. होर्हे बोशेल यांनी. मायदेशी त्यांनी पाहिलं होतं, की लाकूडतोडे उंच झाड पाडतात तेव्हा शेंड्यावरचे निळसर डास खाली येऊन त्यांनाच घेरतात, आणि पीतज्वर त्यातून होतो. शिमोग्याला त्यांचं लक्ष गुरांकडे गेलं. जंगल तोडून वस्ती आत सरकते, गुरं चरायला रानात जातात आणि मोठ्या गोचिडींना पोटभर रक्त मिळतं. गुरांना ताप येत नाही, पण गोचिडी मात्र वाढत जातात. म्हणजे आजीच्या गोठ्यातून पातेऱ्यापर्यंत जाणारी वाट त्यांनी 1960 च्या दशकातच दाखवली होती.

पुढे मामा गेले. 2015 साली गोव्यातल्या सत्तरीत, 2016 साली दोडामार्गात आणि पुढच्याच वर्षी बांद्याकडे माकडताप आला. आमची मामी काजू वेचायला गेली होती. ताप, डोकं फुटेल अशी कळ, लालबुंद डोळे, अंग हलवता येईना. आधी मलेरिया, मग डेंगी असं तपासत आठवडा गेला. मग रक्त पुण्याला गेलं, मामांच्या जुन्या संस्थेत. या तापावर नेमकं औषध नाही; शरीराला सांभाळत बसायचं. मामी वाचली. वाडीतली एक बाई वाचली नाही. तिच्या मुलाने त्या वर्षी काजू वेचलेच नाहीत.

यंदा मी गेलो, तेव्हा मामी हातापायांना तेल चोळत ओसरीवर बसली होती. गोचीड चावू नये म्हणून ते आरोग्य खात्याची माणसं वाटतात. ओहोळाकडे वानर पडल्याचं गुराख्याने सकाळीच सांगितलं होतं. दुपारी दोन तरुण आले. त्यांच्या पाठीवरच्या पिशवीतून काठीला गुंडाळलेलं पांढरं कापड डोकावत होतं. मामी त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली, मोजे चढवले, ते गुडघ्यापर्यंत ओढले आणि म्हणाली, ''चला, जागा मी दाखवतंय. पातेऱ्यात बसा नको हां.''