अमेरिकेत राज्य कराचा परतावा : सॉफ्टवेअरवर रिटर्न भरताना काय तपासावे?

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर किंवा शैक्षणिक कर्ज काढून आपल्या समाजातील अनेक मुले-मुली अमेरिकेत शिकायला जातात. कोणी कॅम्पसवर तासावारी काम करतो, कोणी पुढे नोकरीला लागतो. पगारातून दर वेळी कर कापला जातो. वर्ष संपल्यावर जास्त कापलेला पैसा परत मागता येतो, पण तो आपोआप खात्यात येत नाही. त्यासाठी रिटर्न भरावे लागते. बहुतेक जण ते सॉफ्टवेअरवर भरतात आणि पडद्यावर आलेला आकडा बरोबर समजून पुढचे बटण दाबतात. सॉफ्टवेअर बेरीज-वजाबाकी बरोबर करते, परंतु तुम्ही कोण आहात आणि गेल्या वर्षी काय केले होते, हे त्याला तुम्हीच सांगायचे असते. तिथे चूक झाली तर हक्काचा पैसा जातो किंवा पुढे नोटीस येते.

कर दोन, रिटर्नही दोन

अमेरिकेत आयकर केंद्र सरकार (फेडरल) घेते आणि बहुतेक राज्ये वेगळा घेतात. फेडरल रिटर्न भरले म्हणजे राज्याचे भरले असे होत नाही. अनेक सॉफ्टवेअरमध्ये राज्याच्या रिटर्नसाठी वेगळे शुल्क असते. ते वाचवण्यासाठी काही विद्यार्थी राज्याचे रिटर्न भरतच नाहीत आणि परतावा तसाच राहतो. काही राज्यांच्या स्वतःच्या मोफत सोयी आहेत, उदाहरणार्थ कॅलिफोर्नियाची ‘कॅलफाइल’ आणि पेन्सिल्वेनियाची ‘मायपाथ’. त्या आपल्या रिटर्नला चालतात का, हे आधी पाहावे.

अलास्का, फ्लोरिडा, नेवाडा, न्यू हॅम्पशायर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सास, वॉशिंग्टन आणि वायोमिंग या ९ राज्यांत पगारावर राज्य आयकर नाही. फक्त तिथेच राहून काम केले असेल तर राज्य आयकराचा परतावा असण्याचा प्रश्नच नाही. ‘तुमचा टेक्सासचा टॅक्स रिफंड अडकला आहे’ असा मेसेज आला तर तो फसवणुकीचा आहे हे ओळखा.

पहिली पायरी : आपण ‘रेसिडेंट’ की ‘नॉनरेसिडेंट’?

एफ-१ व्हिसावरील विद्यार्थी साधारणपणे पहिली ५ कॅलेंडर वर्षे फेडरल करासाठी नॉनरेसिडेंट असतो. त्याचा फॉर्म १०४०-एनआर, साधा १०४० नव्हे. एच-१बी व्हिसावर ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा आलेला कर्मचारीही त्या वर्षापुरता बहुधा नॉनरेसिडेंटच ठरतो, कारण अमेरिकेतील दिवसांची मोजणी पूर्ण होत नाही. टर्बोटॅक्ससारख्या लोकप्रिय सॉफ्टवेअरमध्ये १०४०-एनआर तयार होत नाही. त्यासाठी स्प्रिंटॅक्ससारखे वेगळे सॉफ्टवेअर लागते. मित्राने साधा १०४० भरला म्हणून आपणही भरणे ही नेहमीची चूक आहे. बरीच राज्ये फेडरल रिटर्नमधील उत्पन्नाचा आकडाच पुढे घेतात, त्यामुळे ही चूक राज्याच्या रिटर्नमध्येही उतरते.

राज्याचे रहिवासाचे नियम मात्र वेगळे असतात. फेडरल करासाठी नॉनरेसिडेंट असलेला माणूस राज्याच्या करासाठी रेसिडेंट असू शकतो. त्यामुळे सॉफ्टवेअरने दोन्ही ठिकाणी एकच उत्तर भरले असेल तर ते तपासा.

नॉनरेसिडेंट विद्यार्थ्याला महाराष्ट्र सरकारकडून मिळणारी शिष्यवृत्ती अमेरिकेतील उत्पन्न धरली जात नाही, कारण पैसे देणारा अमेरिकेबाहेरचा आहे. ती फेडरल रिटर्नमध्ये पगार म्हणून टाकू नका.

दुसरी पायरी : डब्ल्यू-२ मधील तीन रकाने

मालकाकडून मिळणाऱ्या डब्ल्यू-२ फॉर्मवर रकाना १५ मध्ये राज्याचे नाव, १६ मध्ये त्या राज्यातील पगार आणि १७ मध्ये कापलेला राज्य कर असतो. परताव्याचा हिशेब रकाना १७ वर उभा असतो. सॉफ्टवेअरने फोटोवरून माहिती भरली असली तरी हे तीन आकडे स्वतः जुळवा. डब्ल्यू-२ वर दोन राज्ये असतील तर दोन्ही ओळी आल्या आहेत का, ते पाहा.

राहायला न्यू जर्सीत आणि नोकरी न्यूयॉर्कमध्ये असेल तर आधी न्यूयॉर्कचे नॉनरेसिडेंट रिटर्न पूर्ण करा, मग न्यू जर्सीचे. न्यूयॉर्कला भरलेल्या कराची सवलत न्यू जर्सीत मिळते आणि तिचा आकडा पहिल्या रिटर्नमधून येतो. क्रम उलटा केला तर एकाच पगारावर दोनदा कर दिसू शकतो. न्यू जर्सी आणि पेन्सिल्वेनिया यांच्यात पगाराबाबत करार आहे. न्यू जर्सीच्या रहिवाशाच्या पगारातून पेन्सिल्वेनियाचा राज्य कर चुकून कापला गेला असेल तर पेन्सिल्वेनियाचे रिटर्न भरून तो परत मागता येतो.

तिसरी पायरी : गेल्या वर्षीच्या परताव्याचा प्रश्न

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. राज्याने परतावा दिला की पुढच्या जानेवारीत १०९९-जी हा फॉर्म निघतो. काही राज्ये तो फक्त ऑनलाइन ठेवतात. रकाना २ मध्ये परताव्याची रक्कम असते. ती पाहून अनेकांना वाटते की हे उत्पन्न आहे आणि त्यावर फेडरल कर लागणारच. तसे नाही.

नियम सोपा आहे. ज्या वर्षाचा तो परतावा आहे, त्या वर्षी तुम्ही राज्य कराची वजावट घेऊन फेडरल कर वाचवला होता का? वाचवला असेल, तर जेवढा फायदा झाला तेवढाच परतावा उत्पन्नात धरायचा. वाचवला नसेल, तर काहीच नाही.

समजा, २०२४ च्या रिटर्नवरून मिळणारा राज्याचा परतावा २०२५ मध्ये हातात आला. आता २०२५ चे रिटर्न भरताना चार जणांची स्थिती अशी असेल :

१. भारतीय विद्यार्थी. भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्याला नॉनरेसिडेंट असूनही स्टँडर्ड डिडक्शन घेता येते. २०२४ साठी एकट्या व्यक्तीला ते १४,६०० डॉलर होते. ते घेतले असेल तर राज्य कराची वजावट घेतलेलीच नाही. परतावा ३५० डॉलर असो वा ८००, करपात्र रक्कम शून्य.

२. ऑक्टोबर २०२४ मध्ये एच-१बीवर आलेला नॉनरेसिडेंट. त्याला स्टँडर्ड डिडक्शन नाही. त्याने कापलेला राज्य कर १,५०० डॉलर वजावट म्हणून दाखवला आणि नंतर ६०० डॉलर परत मिळाले. हे ६०० करपात्र आहेत. सॉफ्टवेअर विचारते, ‘गेल्या वर्षी आयटमाइज केले होते का?’ प्रश्न गेल्या वर्षाचा आहे, चालू वर्षाचा नाही. गेल्या वर्षीच्या स्टँडर्ड डिडक्शनच्या जागी १४,६०० आपोआप आले असतील तर हिशेब चुकून शून्य दाखवेल. त्याच्यासाठी तिथे शून्य हवे.

३. रेसिडेंट अभियंता. त्याची आयटमाइज्ड वजावट १५,००० डॉलर होती, म्हणजे स्टँडर्डपेक्षा ४०० जास्त. परतावा ९०० मिळाला. करपात्र फक्त ४००. पूर्ण ९०० भरले तर २२ टक्के दराने ११० डॉलर विनाकारण जातात.

४. राज्य व स्थानिक कर १६,००० डॉलर भरलेला रेसिडेंट. २०२४ मध्ये या वजावटीची मर्यादा १०,००० होती. त्याला २,००० परत मिळाले तरी उरलेला कर १४,००० म्हणजे मर्यादेपेक्षा जास्तच राहतो. त्या २,००० चा फायदा झालेलाच नाही, म्हणून ते करपात्र नाहीत.

यंदा सॉफ्टवेअर बदलले असेल तर नव्याला गेल्या वर्षीचे काहीच माहीत नसते. गेल्या वर्षीच्या फेडरल रिटर्नची पीडीएफ समोर ठेवूनच हा भाग भरा. जो परतावा रोख न घेता पुढच्या वर्षाच्या करात वळवला, तोही मिळालेलाच धरला जातो. न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियासारखी राज्ये हा परतावा स्वतःच्या उत्पन्नातून वगळतात. राज्याच्या रिटर्नमध्ये ती वजावट आली का, तेही पाहा.

पाठवण्यापूर्वी आणि नंतर

बँकेचा राउटिंग क्रमांक व खाते क्रमांक दोनदा वाचा. भारतात परतायचे असेल तर परतावा जमा होईपर्यंत अमेरिकेतील खाते बंद करू नका. खाते बंद असेल तर चेक जुन्या पत्त्यावर जाऊ शकतो. सॉफ्टवेअरचे शुल्क परताव्यातून कापण्याचा पर्याय निवडला तर त्यासाठी वेगळा आकार लागू शकतो. कार्डने भरणे बहुधा स्वस्त पडते.

परताव्याची स्थिती राज्याच्या कर विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. तिथे सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा आयटीआयएनसोबत परताव्याची नेमकी रक्कम बहुधा विचारतात, म्हणून रिटर्नची प्रत जपून ठेवा.

मागच्या वर्षांचे रिटर्न राहिले असेल तरी सगळे संपलेले नाही. फेडरल परतावा मागायला साधारण ३ वर्षे मिळतात, न्यूयॉर्कमध्येही ३ वर्षे, कॅलिफोर्नियात मूळ मुदतीपासून ४ वर्षे. भरलेल्या रिटर्नमध्ये चूक सापडली तर सुधारित रिटर्न भरता येते. फेडरलमध्ये बदल केला तर राज्यालाही कळवावे लागते.

कमी उत्पन्न असलेल्यांसाठी ‘व्हिटा’ या योजनेत प्रशिक्षित स्वयंसेवक मोफत रिटर्न भरून देतात. तिथे जाताना केंद्रावर १०४०-एनआर भरतात का, हे आधी विचारा. अनेक विद्यापीठांची आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालये नॉनरेसिडेंटसाठीच्या सॉफ्टवेअरचा कोड देतात. पैसे भरण्याआधी तिथे एक ई-मेल पाठवा. जे सीनियर आहेत त्यांनी आपला भरलेला फॉर्म नवख्यांना ‘नमुना’ म्हणून पाठवण्याऐवजी त्यांच्यासोबत तासभर बसून हे तीन प्रश्न विचारावेत : व्हिसा कोणता, राज्ये किती, आणि गेल्या वर्षी वजावट कोणती घेतली? या तीन उत्तरांवरच परताव्याचा आकडा ठरतो.