हँडलची दोन घराणी

हँडलच्या कुळाचा मूळ पुरुष सापडतो १८१७ साली, जर्मनीतल्या मानहाइममध्ये. कार्ल द्राइस नावाच्या वनाधिकाऱ्याने दोन चाकांचं लाकडी यंत्र केलं. त्याला पायडल नव्हतं. जमिनीला पाय रेटत पळायचं. वळवायला पुढे एक दांडा होता. पण द्राइसने आणखी एक वस्तू बसवली होती, ती म्हणजे गादी लावलेली आडवी फळी. कोपरापासून पुढचे हात तिच्यावर टेकायचे. दांड्याने वळायचं आणि फळीने भार घ्यायचा, अशी कामाची चोख वाटणी होती. पुढे फळी गेली, दांडा राहिला आणि दोन्ही कामं त्याच्याच गळ्यात पडली. मनगटदुखीची कुळकथा इथूनच सुरू होते.

१८८५ मध्ये डाइमलर आणि मायबाख यांनी लाकडी दुचाकीला पेट्रोलचं इंजिन जोडलं, तरी हँडल सायकलच्याच वळणाचं राहिलं. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकी गाड्यांत ते लांबत लांबत मागे आलं. स्वार ताठ बसे आणि मुठी जवळजवळ मांडीपाशी येत. शर्यती सुरू झाल्या आणि हँडल पुन्हा पुढे सरकलं, खालीही उतरलं. आडव्या दांड्याचे दोन तुकडे करून ते थेट फोर्कच्या नळ्यांना आवळायचे, हीच क्लिप-ऑनची युक्ती.

ती ट्रॅकवरून रस्त्यावर आणली इंग्लंडमधल्या पोरांनी. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचा १९३८ सालचा एस कॅफे हा पन्नास-साठच्या दशकांत त्यांचा अड्डा होता. ताशी शंभर मैल गाठणं ही तिथली प्रतिष्ठा. त्या वेगाला पुढे ओणवं झालेल्या स्वाराच्या छातीवर वारा इतका रेटतो की धड उचललं जातं आणि तळहात मोकळे होतात. द्राइसच्या फळीचं काम इथे वारा करत होता. पण वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत बदलतो. ताशी १०० किलोमीटरला जेवढा, त्याचा सोळावा हिस्सा २५ ला उरतो; सिग्नलला तर काहीच नाही. मग सगळं ओझं मनगटांवर.

अमेरिकेत उलटा प्रकार. तिकडे पाठवायच्या गाड्यांना ब्रिटिश कारखानेच उंच, रुंद हँडल लावत. त्यातून पुढे चॉपरवाल्यांनी, म्हणजे गाड्या कापून-छाटून आपल्या मनासारख्या करणाऱ्यांनी, हात खांद्यापर्यंत नेले आणि माकड फांदीला लोंबकळावं तशा त्या बैठकीवरून हँडलचं नाव पडलं एप हँगर. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ने अशा उंच हँडलचं चॉपर जगभर पोचवलं. इथे फळीची जागा सीटने घेतली आणि सगळा भार बुडावर आला. वेग वाढला की वारा स्वाराला मागे ढकलतो, हातांना खरोखरच लोंबकळावं लागतं. हँडल किती उंच चालेल याचे कायदे अमेरिकेतल्या अनेक राज्यांना करावे लागले ते उगीच नाही.

उंच घराण्याची एक शाखा मातीत रुजली. खाचखळग्यांत स्वार फूटरेस्टवर उभा राहतो, म्हणजे फळीचं काम पाय करतात. हँडल रुंद, कारण लांब तरफेने चाक वळवणं हलकं जातं. मधे आडवी पट्टी, कारण पडल्यावर ते वाकू नये.

ही दोन्ही घराणी आज पुण्यातल्या शोरूममध्येही शेजारी उभी दिसतात. रॉयल एनफिल्डने २०१८ मध्ये आणलेल्या इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटी यांचं ६४८ सीसीचं इंजिन एकच. साठच्या दशकात यातलं पहिलं नाव अमेरिकी गिऱ्हाइकासाठी होतं, दुसरं इंग्लंडच्या कॅफेवाल्या पोरांसाठी. म्हणून इंटरसेप्टरला आडव्या पट्टीचं रुंद हँडल आणि जीटीला क्लिप-ऑन.

गॅरेजमध्ये हँडल बदलायला येणारा माणूस बहुधा फोटो दाखवतो. जुना मेस्त्री आधी विचारतो, रोजचं रनिंग किती आणि कुठं? करंगळीला मुंग्या येत असतील तर सहसा तळहाताची कड दबत असते. अंगठा आणि तर्जनी बधिर होत असतील तर मनगट मोडून धरलेलं असतं. अशा वेळी पुष्कळदा क्लॅम्पचे बोल्ट सैल करून हँडल जरा फिरवलं, क्लच-ब्रेकचे लिव्हर हाताच्या सरळ रेषेत आणले, की नवं घ्यायची गरजच उरत नाही. उंच हँडल लावलंच, तर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून ते दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं. इंजिनाचा आवाज चढला तर अ‍ॅक्सिलेटरची वायर अपुरी पडते आहे.

शेवटची परीक्षा फुकट आहे. गाडी मेन स्टँडवर लावा, फूटरेस्टवर पाय ठेवून नेहमीसारखे बसा आणि मुठींवरून हात अलगद उचला. धड जागच्या जागी राहिलं तर हँडल फक्त वळवायचं काम करतंय. पुढे कोसळलात, तर तुम्ही हँडलला द्राइसची फळी केलीय, तीही बिनगादीची.